शून्य नाही

(बंद दाराच्या अलीकडे मुलगी आणि आई. पलीकडे बाबा.)

मुलगी : डॉक्टरांनी सांगितलेले तीन आठवडे परवाच संपले, बाबा. उघडा आता.

बाबा : डॉक्टरांचं काय जातं सांगायला? गळ्यातल्या गाठीसाठी ते किरण सोडणारं औषध मी गिळलंय, त्यांनी नाही.

आई : तीन आठवडे दाराशी ताट ठेवतेय मी. घरात वाघ पाळल्यासारखं.

बाबा : बाळ कुठेय? त्याला लांब ठेवा.

मुलगी : पुढच्या खोलीत झोपलाय. बाबा, संध्याकाळची गाडी आहे आमची. परगावी नव्या कामावर रुजू झाले की दोन वर्षं सुट्टी नाही. परत येईन तेव्हा तो विचारेल, हे काका कोण?

आई : काका! तेवढंच तरुण झाल्याचं समाधान.

बाबा : आणि माझ्यामुळे त्याला काही झालं तर?

मुलगी : त्या औषधाचं अर्धायुष्य आठ दिवसांचं असतं. आठ दिवसांत निम्मं उरतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मं. शिवाय बरंचसं शरीराबाहेर निघून जातं.

आई : अर्धायुष्य म्हणजे? माझं तुमच्या दोघांच्या मध्ये उभं राहण्यात गेलं, ते?

बाबा : दर वेळी निम्मं. त्याच वेगानं. कशावरून?

मुलगी : मोजलंय लोकांनी.

बाबा : दगडांचंही असंच मोजता तुम्ही आणि कोट्यवधी वर्षं म्हणता. ग्रंथात सृष्टीला सहा हजार वर्षं दिली आहेत. प्रार्थनाघरात मी जन्मभर सांगत आलो, पूर्वी वेग वेगळा असेल, बघायला कोण होतं? आता नातवाची वेळ आली, तर वेग बदलत नाही म्हणू?

आई : घ्या! आपणच खणलेला खड्डा.

मुलगी : म्हणजे दार त्यासाठी बंद आहे? मला वाटलं, माझ्यावरचा राग.

बाबा : राग कसला?

मुलगी : भर सभेत म्हणालात, ‘माझी मुलगी दगडांची वयं सांगते, पोटासाठी खोटं बोलते.’ तेव्हापासून या घरात पाऊल ठेवलं नव्हतं मी. आईनं बोलावलं म्हणून आज आले. आठवतं का तरी?

बाबा : आठवतं.

आई : त्या दिवशी जेवले नव्हते. तिला सांगू नकोस म्हणाले होते. सांगितलं.

मुलगी : बाबा, प्रयोगशाळेतून यंत्र आणलंय मी. किरण मोजायचं. दार फटीएवढं उघडा. ही दांडी घ्या आणि गळ्याशी धरा.

बाबा : धरली. अगं, हे तर टिकटिकतंय!

मुलगी : किरण थोडे सगळीकडेच असतात, टिकटिक भिंतीपाशीही होते. ती वगळून बघते. हलू नका. आकडा स्थिर होऊ दे.

बाबा : किती?

मुलगी : शून्य नाही.

आई : अगं, शून्य म्हणून मोकळी हो ना! इथेच बसून राहणार का?

मुलगी : नाहीये, तर कसं म्हणू? गळ्यात अजून थोडं शिल्लक आहे, बाबा. पण बाळाला घेण्यासाठी जेवढं चालतं, त्याच्या खूप खाली. डॉक्टरांना सकाळीच विचारून ठेवलंय. घटकाभर मांडीवर घ्या. गळ्याशी नको.

बाबा : तू स्वतः वाचलास आकडा?

मुलगी : स्वतः.

बाबा : खोटं बोलायचं असतं, तर शून्यच म्हणाली असतीस.

मुलगी : हो.

बाबा : गाडी तोंडावर आलेली, आई मागे लागलेली, तरी नाही म्हणालीस.

मुलगी : बाबा…

बाबा : सभेत मी चुकीचं बोललो. दगडांबद्दल नव्हे. तुझ्याबद्दल.

आई : बोलणी पुरे, कडी काढा. आण गं त्याला.

बाबा : थांबा, हात धुतो. साबण कुठे ठेवलास? आणि एक धुतलेला टॉवेल दे, मांडीवर घालायला.

आई : बघा, इतके दिवस आपल्या उष्ट्या ताटाला हात लावू दिला नाही, आता हुकूम सुटले.

मुलगी : जागा झालाय. घ्या. हळू.

बाबा : केवढासा आहे गं! माझ्याकडेच बघतोय. हे बघ, दगडांचं मी काही मान्य केलेलं नाही.

मुलगी : मान्य नका करू, बाबा. मान सांभाळा त्याची.