बाबांनी भिंत तपासली

माझ्या तोंडून बापाचं कौतुक कुणी ऐकलं नसेल, पण हे ऐकाच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही ब्रिटनमध्ये कार्डिफला एका जुन्या घरात राहायचो. बेडरूममधली फायरप्लेस आधीच्या मालकाने बोर्ड लावून बंद केलेली, त्या अख्ख्या भिंतीवर आईने हौसेने वॉलपेपर चढवलेला; फायरप्लेस नेमकी कुठे, ते आता कुणालाच आठवेना. खोलीत हवा खेळेना, भिंतींना ओल आली, तशी आई खाली सोफ्यावर झोपायला गेली.

"फायरप्लेस उघडा, मगच वर येईन. आणि माझ्या वॉलपेपरला भलतीकडे भोक पडलं, तर कधीच येणार नाही."

आमचा बाप हॉस्पिटलात छातीचा मोठा डॉक्टर, घरात मात्र बल्ब बदलायची अक्कल नाही. मी मेडिकल सोडल्यापासून माझ्याशी बोलायचा तो फक्त टोमण्यांत. मी हातोडा उचलला.

"बाबा, अंदाजाने ठोकू?"

"गप्प उभा राहा, गाढवा."

त्याने डावा पंजा भिंतीवर टेकला आणि उजव्या बोटाने त्यावर टकटक करत सरकू लागला, पेशंटची पाठ तपासावी तसा.

"इथे भरीव. इथेही भरीव. हं, इथे पोकळ."

पेन्सिलने चौकोन आखून म्हणाला, "काप."

मी ब्लेड फिरवलं. बोर्ड अलगद सुटला. मागे नेमकी फायरप्लेस! वरून ढीगभर काजळी बापाच्या डोक्यावर आली.

आईने आधी वॉलपेपर पाहिला, मग नवरा.

"अहो, आंघोळ करा. मी उशी वर आणते."

"मानलं, बाबा," मी म्हणालो. खरंच मानलं होतं.

काळ्याठिक्कर तोंडाने बाप म्हणाला, "दुसऱ्या वर्षाला शिकवतात हे. तू पहिल्यातच पळालास."