सामान्य संभाषणात अडथळा येत नाही

...नाही नाही, तुम्ही बसा, वाजू दे हो तो फोन, तो काय, वाजतच असतो! दिवसभर तेच! आणि जरा हळू बोला, तिकडे कोचावर झोपलेत ना, त्यांना उठवू नका, त्यांचं नंतर सांगतो, सगळं त्यांच्याचपाशी येणार आहे. तर फोन. मी उचलणार, पलीकडचा म्हणणार, "हॅलो, विमानतळ का? आत्ता जे गेलं ना डोक्यावरून..." आणि पुढचं मला ऐकूच येत नाही, कारण तेवढ्यात त्याच्या डोक्यावरून दुसरं गेलेलं असतं. ते गेलं की तो विचारतो, "ऐकलंत ना?" आणि मी, तुम्हाला सांगतो, पोटासाठी माणूस काय काय करतो, अगदी गोड आवाजात म्हणतो, "आम्ही मोजमाप केलेलं आहे साहेब. या आवाजाने सामान्य संभाषणात अडथळा येत नाही."

हे वाक्य माझं नाही बरं का. साहेबांनी दिलंय. ज्या दिवशी मला या खुर्चीत बसवलं त्या दिवशी म्हणाले, वाहोनो, विमानं आपल्या हातात नाहीत, वारा आपल्या हातात नाही, वस्ती आपल्या हातात नाही, आपल्या हातात हे एवढं वाक्य आहे, ते नीट म्हणायचं. झालं! आवाज-तक्रार विभाग! विभाग म्हणजे कोण, तर मी. धावपट्टी संपते तिथे कुंपण, कुंपण संपतं तिथे कालीवुनी वस्ती, आणि त्या वस्तीत कोण राहतं? मीच राहतो. म्हणजे दिवसा ज्यांना फोनवर गप्प करायचं त्यांच्याच दुकानातून संध्याकाळी नारळ आणायचे... सांगा आता, कसं जगायचं माणसाने?

आणि तक्रारी तरी कसल्या? एका बाईंचं म्हणणं, विमानं सुरू झाल्यापासून त्यांचं टेंपे, सोयाबीनची वडी हो ती, नीट आंबत नाही. आता सोयाबीनला कान असतात का? दुसऱ्या बाई, मालिकेत खून कोणी केला ते सांगत होते आणि नेमकं तेव्हाच तुमचं विमान! मग कोणी केला ते तुम्हीच सांगा. आणि मी सांगितलं हो, बायको बघते ना ती मालिका! दिरानेच केला होता. पण हे सगळे एकीकडे आणि पाक दार्सोनो एकीकडे. तेच, कोचावरचे; पाक म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्यांना म्हणतात ते.

पाक दार्सोनो म्हणजे तुरुंगात पहारेकरी होते, सगळी नोकरी तिथे गेली, बोलतात अजून हजेरी घेतल्यासारखे. रोज सकाळी माझा चहा ओठाला लागतो न लागतो तोच फोन. "वाहोनो. आवाज आला." मी म्हणणार, हो पाक, पण सामान्य संभाषणात... "ते माहीत आहे मला. कैदी तक्रार करायचे तेव्हा मी निदान उठून बघायला तरी जायचो." खाडकन फोन बंद. उद्या परत. वर्षानुवर्षं! माझ्या सख्ख्या भावाने मला इतके फोन केले नाहीत.

बरं, हे चाललं होतं ते चाललं होतं. मध्येच माझ्या सेकारचं लग्न ठरलं. एकुलती मुलगी. मुलगा जातमिको, डोंगरावरचा, बटाटे पिकवणाऱ्यांच्या घरातला, स्वभावाने इतका गरीब की हॉटेलात पाणी मागायलाही घाबरतो. त्याचं कोरियाला कारखान्यात काम ठरलेलं, लग्न झालं की त्याच आठवड्यात निघायचं. थोरल्यांनी दोघांचे जन्मवार मोजून एकच तारीख काढली, रविवार सकाळ. ती चुकली तर पुढची तारीख येईपर्यंत मुलगा कोरियात, आणि मग तो परत येईपर्यंत माझी मुलगी खिडकीत. सेकार मला म्हणाली, "बाबा, बाकी काही नको, त्या दिवशी तेवढं नीट होऊ दे." मी म्हटलं, होईल ग.

आता आमच्यात निकाह म्हणजे कसा असतो? बाप जावयाचा हात हातात धरतो, मुलगी दिली म्हणतो, आणि त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच मुलाने एका श्वासात 'कबूल' म्हणायचं. एका श्वासात! मध्ये थांबला, अडखळला, की परत. आणि दोन साक्षीदारांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकून 'साह' म्हणायचं, म्हणजे पक्कं. दोघांनीही. आता साक्षीदार कोण? एक माझ्या बायकोचा भाऊ. आणि दुसरा? माझी बायको लास्मी, मोठी हुशार, म्हणाली, "पाक दार्सोनोंना करा. साक्षीदाराचा मान दिला की कशाला करतील तक्रारी?" मलाही पटलं हो! माझीही मती मारली गेली होती!

पावसाचे दिवस, म्हणून पावसाच्या आजोबांना बोलावलं, गितो आजोबा, लग्नात पाऊस अडवतात ते. आले, अंगणाच्या कोपऱ्यात खराटा उलटा रोवला, त्याच्या काड्यांना लाल मिरच्या आणि कांदे टोचले, लवंगी सिगारेट पेटवली आणि बसले ढगांकडे बघत. आणि वस्तीतली माणसं काय म्हणायला लागली माहितीये? पावसाला गितो आजोबा आहेत, विमानांना वाहोनो आहे! हसत नव्हते हो, खरंच वाटायचं त्यांना, विमानतळाचा माणूस, हा थांबवेल. आणि मी... मी पण मिशीत हसून "बघू, बघू" म्हटलं. का म्हटलं? चढलं होतं डोक्यात, म्हणून म्हटलं!

पण माझा हिशोब चुकीचा नव्हता, हे मात्र लक्षात घ्या. विमान उडतं ते वाऱ्याच्या तोंडावर. या दिवसांत वारा समुद्राकडून, म्हणजे उडणारी सगळी समुद्राच्या अंगाला जातात. आमच्यावरून येतात ती उतरणारी, इंजिन मंद करून, बिचारी दमून घरी येत असतात. रविवारी सकाळी तीही तुरळक. सगळं बघून ठेवलेलं! फक्त वारा फिरायला नको होता.

आणि सकाळी समुद्रावरून हा काळा ढग आला. गितो आजोबा उठले, खराट्यापाशी काहीतरी पुटपुटले, ढगाकडे फू केलं... आणि तुम्हाला सांगतो, वारा फिरला! डोंगराकडून सुटला! ढग मुकाट्याने मागे समुद्रावर गेला, ऊन पडलं, पाहुणे वाहवा करायला लागले, आजोबांच्या हातात सगळ्यात आधी चहा. आणि मी मांडवात उभा, मला घाम फुटला. कारण वारा फिरला की काय फिरतं? धावपट्टी फिरते! आता उडणारं प्रत्येक विमान, पोट भरलेलं, इंजिन फुल सोडलेलं, सरळ आमच्या मांडवावरून!

पहिलं गेलं तेव्हा जातमिकोची मावशी टेबलाखाली गेली. डोंगरावरची बाई, तिला वाटलं डोंगरच आला. बाहेर काढली, पाणी दिलं. काझी घड्याळ बघतायत, त्यांना पुढे अजून दोन लग्नं. "बसा वाहोनो, उरकू." बसलो. जातमिकोचा हात धरला, ओला गार, धुतलेल्या भाजीसारखा. मी म्हटलं, माझी मुलगी सेकार हिचा निकाह तुझ्याशी लावून देतो, मुलीला मेहेर म्हणून अंगठी आणि नमाजाची वस्त्रं, हातोहात. त्याने तोंड उघडलं आणि वर घर्रर्र... ओठ हलताना दिसले फक्त. काझींनी विचारलं, साह? लास्मीचा भाऊ म्हणाला साह. तो म्हणणारच होता, मुलाने बसथांब्यांची नावं घेतली असती तरी म्हणाला असता, त्याला जेवायची घाई. पाक दार्सोनो म्हणाले, "मला ऐकू आलं नाही."

परत. या वेळी मी घाई केली, तर माझंच वाक्य विमानाखाली गेलं. काझी म्हणाले, मुलगी कोणाला दिली ते कळलं नाही. परत! मग सगळे थांबलो, कान देऊन, आकाश शांत, कोंबडं सुद्धा गप्प. मी म्हटलं, छान म्हटलं, आणि पोरगं एवढं घाबरलेलं की खणखणीत आवाजात, एका श्वासात म्हणालं, "लास्मीशी माझा निकाह मला कबूल आहे!" लास्मी त्याची सासू! एवढं एकच वाक्य सकाळपासून साऱ्या वस्तीला स्पष्ट ऐकू आलं. तेव्हा का नाही हो आलं एखादं विमान?

चौथ्यांदा तो बरोबर बोलला. मला माहीत आहे, त्याचा हात माझ्या हातात होता, सेकार म्हणताना त्याने तो कसा दाबला ते मला कळलं. पण वर विमान. मी पाक दार्सोनोंकडे हात जोडले, म्हटलं, बोललाय तो, म्हणा ना साह.

ते उठून उभे राहिले. म्हणाले, "वाहोनो, तुम्ही मला रोज सांगता की या आवाजाने सामान्य संभाषणात अडथळा येत नाही. नसेल येत, तर मला ऐकू आलेलं असणार. मग तसं इथे सगळ्यांसमोर सांगा, मी तुमच्या शब्दावर साह म्हणतो. पण येत असेल, तर तेही इथेच सांगा. मी आयुष्यात खोटी साक्ष दिलेली नाही."

सांगा, काय करायचं मी? एक वाक्य म्हटलं की लग्न लागतंय! तोंडपाठ वाक्य, झोपेत म्हणतो मी ते! आणि ओठावर आलं होतं, देवाशपथ आलं होतं... तेवढ्यात सेकारने मान वर केली. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलेलं. हे वाक्य मी अख्ख्या वस्तीच्या तोंडावर रोज फेकतो, पोरीच्या लग्नात नाही फेकवलं. म्हटलं, "येतो."

वरून विमान गेलं. पाक दार्सोनो म्हणाले, "काय म्हणालात?"

मी ओरडलो, "अडथळा येतो!" आणि ओरडलो नेमका विमान पुढे गेल्यावर. टेंपेवाल्या बाई, मालिकेवाल्या बाई, सगळ्यांनी ऐकलं. मागून कोणीतरी टाळी सुद्धा वाजवली. काझी उठायला लागले. म्हणाले, आता माझ्याच्याने होत नाही, दुसरा दिवस बघा. जातमिको रडायच्या बेतात, कोरियाचं तिकीट त्याच्या बापाच्या खिशात.

आणि माझी बायको, तिला कुठे काय बोलावं ते कधी कळलंय? पटकन म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसात चला ना! डबा घेऊन येते ना मी, तिथे टाचणी पडली तरी ऐकू येते. मला तर डुलकी लागते."

सगळी वस्ती माझ्याकडे बघायला लागली. खरं आहे ना ते! या काचा बघा, दुहेरी आहेत. दाराला रबर. या साऱ्या मुलखात शांत अशी एकच खोली आहे, आणि ती कुठे आहे, तर विमानतळात, आवाज-तक्रार विभागात! किल्ली माझ्याच खिशात होती.

मग काय, निघाली वरात. काझी माझ्या मोटारसायकलवर, सेकार भरजरी नेसून चुलत भावंडांच्या मागे, मावशी डोक्यावर पदर घट्ट धरून, शेवटी गितो आजोबा खराट्यासकट. याच टेबलापाशी, तुम्ही बसलात तिथे काझी बसले. काचेबाहेरून विमान वर गेलं, दिसलं, पण एक चकार आवाज नाही. मी म्हटलं. जातमिको म्हणाला, एका श्वासात, आणि बायकोचं नाव बरोबर घेतलं. पाक दार्सोनो छाती काढून म्हणाले, "साह." सेकार इतकी रडली, इतकी हसली... माझंही काही खरं नव्हतं, जाऊ दे.

प्रार्थना झाली, मिठाई वाटली, आणि मग पाक दार्सोनो उठून या काचेपाशी गेले. बोटाने टकटक केलं. विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, तक्रारी नीट ऐकू याव्यात म्हणून. मला वाटलं आता काय बोलतायत. त्यांनी या कोचावर हात फिरवून बघितला, मऊ आहे का ते.

तेव्हापासून त्यांचा एकही फोन नाही. साहेब खूश! दार्सोनोंची तक्रार मिटवली म्हणून माझी पाठ थोपटली! कसली मिटवली? फोन कशाला करतील, ते स्वतःच येतात. रोज. सकाळी माझ्या चहातला अर्धा पितात, म्हणतात घरी आवाज येतो, आणि आडवे होतात. हाकलू कसं? माझ्या मुलीच्या निकाहाचे साक्षीदार आहेत! आणि झोपले की घोरतात... आता ऐकताय ना? हे काहीच नाही, अजून लय लागायची आहे. दुहेरी काच बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही, तसा आतलाही बाहेर जाऊ देत नाही हो!

थांबा, परत वाजला, उचलतो आता... हॅलो, आवाज-तक्रार विभाग. बोला बाई. काय? जरा मोठ्याने... नाही, तुमच्याकडे नाही, माझ्याकडे... नाही हो, विमान नाही ते... नाही, बंद नाही करता येत... हो, मलाही तुमचं ऐकू येत नाहीये. पण काय आहे बाई, आम्ही मोजमाप केलेलं आहे. या आवाजाने सामान्य संभाषणात अडथळा येत नाही.