खंडेनवमीनंतरचं विमान

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी धनपाल आणि त्रिशला हे नवरा-बायको हळू आवाजात बोलत होते, म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"उद्या व्याही आपल्या विमानात बसणार, आणि वेगाचा काटा हलंना."

"म्हणून तर नवीन स्क्रीन बसवलीसा की."

"तीबी शून्यच दाखवाय लागली. शेवटी इंजिनिअरनं पंखाखालची वेग मोजायची नळी तपासली. आत उदबत्तीची काडी!"

"खंडेनवमीला पूजा केली, मग लावायची कुठं?"

"छान! विमान न्हवं, उदबत्तीचं घर घेतलंय मी."

"निघाली न्हवं काडी? मग उडवा की."

"आता तो विचारतोय, पेट्रोलच्या टाकीत पाणी कुणी वतलं."

"पाणी काय म्हणताय? व्याही सुखरूप खाली यावेत म्हणून घातलेलं अभिषेकाचं गंधोदक हाय ते."