काहील उतरायच्या आधी

न्हाई येणार म्हन्लं ना, भागवतकाका — फ्लेक्स उतरवा तो. मला न इचारता छापलाच कावून? 'व्यसनातून ध्यानाकडे', अन् खाली माहा फोटो, तो बी दहावीतला! दिंद्रुडच्या स्टँडवर लोक दात काढायलेत. तुमच्या दोस्ताला, माह्या बापाला सांगा, तूच चढ म्हनावं स्टेजवर.

तिथं उभे राहा — न्हाई, अजून लांब. काहिलीतला रस उकळायलाय, नजर हलली की गूळ करपला. इंजिनिअरिंग सोडलेलं पोरगं गुऱ्हाळावर मळी काढतंय, लाज वाटती का बापाला? वाटू द्या. स्टेजवर काय सांगू म्हनता? नशेचे मशरूम वाईट, शिबिर चांगलं, संपलं? अन् भांगेचा पहिला गिलास आज्यानंच दिलता, शिवरात्रीला, परसाद म्हणून — तवा कुणी फ्लेक्स लावला न्हाई.

पुण्यात हॉस्टेलवर रूममधल्या पप्पूनं मशरूम आणलते. खोटं कशाला बोलू — भिंत श्वास घ्यायली होती, बाहेरच्या लिंबाच्या पानापानात मीच होतो, अन् माय आली. वारून सहा महिने झालते तिला. आली, हसली, डोक्यावरून हात फिरवला. वाटलं, सुटलो. सकाळी तोंड कडू, अन् माय न्हाई. मग तिच्यासाठी परत खाल्ले — परत — परत. कॉलेज असं सुटलं. बाप सांगत फिरतो तसं वाईट संगतीनं न्हाई.

अन् तुमच्या शिबिरातलं दहा दिवसांचं मौन? चार दिवस नुसता गुडघा. दुखायलाय, तर दुखायलाय म्हणून बघ — बघितलं. पाचव्या दिवशी माय आली. ही हसत न्हवती. दवाखान्यातली होती, नळी लावलेली. पाणी मागायली होती, अन् मी खुर्चीवर मोबाईल बघायलो होतो. 'थांब की गं' म्हन्लो. दोनदा म्हन्लो—

तुमी हे ऐकलं न्हाई. समजलं?

मशरूमनं मला पाहिजे ती माय दिली, काका. तुमच्या शिबिरानं होती ती दिली. हिला सोडून उठता येत न्हाई, एवढाच फरक. बरा झालो म्हणून टाळ्या घेऊ? कशाच्या, तिला पाणी न दिल्याच्या? अन् बापाला इचारा — इचाराच — त्याची दानम्मा, माही माय, गेली त्या दिवशी त्याच्या दुकानाचं शटर किती वाजता पडलं. त्यानं बसावं दहा दिवस गप. मी रोज बसतो, सकाळी, धरणाच्या भिंतीवर, कुणाला न सांगता. ते बी त्याला सांगू नका.

थांबा — पाण्यात पाकाची गोळी झाली. सरका, काहील उतरवायची. सरका म्हन्लं ना! उन्हाचे आलाव, त्या घागरीतलं पाणी पिऊन जा.

पिऊन जा, काका. अन् फ्लेक्स उतरवा.