विहीर गावाची, वाट कुणाची?

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक राधाकृष्ण गुरुजी, सत्कारमूर्ती डेव्हिडसाहेब थॉर्नबी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि एवढ्या उन्हात पायपीट करून आलेल्या मिरजगावकर मायबापहो!

डेव्हिडसाहेब उद्या अमेरिकेला परत निघालेत. सरपंच या नात्यानं निरोपाचे दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. दोनावर मी कधी थांबलोय का? पण आज प्रयत्न करतो.

यांचं घराणं केवढं! आजोबा तिकडच्या एका राज्याचे गव्हर्नर, वडील खासदार. थोरले बंधू एडविनसाहेब पंपांचे कारखानदार. आपल्या विहिरीवरचं इंजिन त्यांनीच धाडलं. धाकटे हे, वकील. अशा घरचा माणूस गेल्या साली दुष्काळात इथं आला आणि माझ्या रानात या विहिरीसाठी तुमच्याबरोबर सुरुंगाची भोकं पाडत राहिला. आमच्या पुढाऱ्यांची पोरं... जाऊ द्या, गुरुजी डोळे वटारताहेत.

पाणी लागलं त्या दिवशी मी बेलभंडारा उचलून म्हणालो, विहीर सगळ्या गावाची, बौद्धवाड्याचीसुद्धा. टाळ्या पडल्या. साहेब तेवढे हळूच म्हणाले, "आबासाहेब, कागद करा. विहिरीकडं जायची वाटही त्यात लिहा." माझं डोकंच फिरलं! म्हटलं, सरपंचाच्या शब्दावर भरवसा नाही? तर हसून म्हणतात कसे, "माझे आजोबा शब्द द्यायचे, वडीलही देतात. म्हणून तर मी वकील झालो."

अन् झालं तेच. महिन्याभरात आमच्या गहिनीनाथनं वाटेवर बाभळीच्या काट्या रचल्या. विहीर गावाची असंल, रान आमचं हाय, म्हणाला. राहीबाई अन् बौद्धवाड्यातल्या बाकीच्या बायका पुन्हा दीड मैलावरच्या झऱ्याला जायला लागल्या. मी काय केलं? पोटचं पोरगं म्हणून गप्प बसलो. खोटं कशाला सांगू? चार महिने गप्प बसलो. ज्या हातानं भंडारा उचलला त्याच हातानं रोज जेवलो, लाज वाटली नाही.

साहेबांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. डोक्यावर हंडा घेऊन ते राहीबाईंच्या मागं झऱ्याला जात राहिले, रोज माझ्या दारावरून. ते मात्र मला सोसवलं नाही.

परवा कर्जतला जाऊन बक्षीसपत्र नोंदवून आलो. विहीर आणि वाट, दोन्ही ग्रामपंचायतीच्या नावे. गहिनीनाथचीही सही आहे. तो दाराशी उभा आहे, त्याच्याकडं वळून बघू नका. राहीबाई, वर या. हा कागद आधी तुमच्या हातात देतो.

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या.

"कागुद लई चांगला हाय, आबा. पर सकाळी मी पान्याला गेल्ते, तवा काट्या तितंच हुत्या."

हसू नका कुणी. बाई खरं बोलली. साहेब, कागदाचं तुमचं ऐकलं, पण काट्यांना अजून हात लावला नाही. मला सुचलंच नाही!

गुरुजी, साहेबांना फेटा तुमच्या हातानं बांधा. साहेब, तुमचे आणि तुमच्या बंधूंचे गावातर्फे आभार. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. आता चूकभूल पदरात घ्या, असं म्हणायची रीत आहे. पण ही चूक राहीबाईंनी माफ करायची आहे, आणि वाट मोकळी झाल्याशिवाय त्यांना ते विचारायला मला तोंड नाही.

गहिनीनाथ, कुऱ्हाड घे. चल.