अखंड खांबावरची सातवी काच

मी, चुन्याचे काम करणाऱ्या गवंड्याची थोरली बहीण, वय ६१ वर्षे, शाळेच्या प्रयोगशाळेतून परिचर म्हणून निवृत्त, राहणार बाजारचौकामागील गल्ली, दुसरा मजला. आज शनिवारी सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

चौकातील कमानींची दगडी इमारत एकशे दहा वर्षांची आहे. खाली चौदा दुकाने आणि वर कचेऱ्या आहेत. ती नगरपालिकेच्या जतनाच्या यादीत असल्याने धोकादायक ठरल्याशिवाय पाडता येत नाही. चार वर्षांपूर्वी ती एका गृहस्थाने विकत घेतली. त्यांना सगळे शेठ म्हणतात. त्यांना तेथे नवीन इमारत बांधायची आहे.

भिंतींना सहा ठिकाणी जुन्या भेगा आहेत. त्या वाढत आहेत असे शेठचे म्हणणे होते. वाढत नाहीत असे माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे होते. दुकानदारांनी दुरुस्तीचे काम त्याला दिले होते. नगर अभियंत्यांनी दोघांसमक्ष ठरवून दिले, की भेगांवर काचा लावाव्यात. दोन वर्षांत एकही फुटली नाही तर इमारत राहील.

काचा मी दिल्या. त्या शाळेने काढून टाकलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या होत्या. भेगेवर पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके चुन्यात बसवतात. भिंत हलली तर पट्टी भेगेच्या रेषेत तडकते आणि दोन्ही तुकडे जागेवरच राहतात. इमारतीतले शिंपीकाका तेव्हा म्हणाले होते, की गवंड्याने भिंतीला चष्मा लावला, आता तिला शेठ नीट दिसतील. त्यावर भाऊ हसला होता. तो फारसा हसत नसे.

भेगा सहा आणि काचा सात होत्या. सातवी जिन्याखालच्या खांबावर होती. तो खांब एकाच अखंड दगडाचा आहे आणि त्याला भेग नाही. काच वाया का घालवतोस, असे मी विचारले. तो म्हणाला, "ताई, सहा भिंतीसाठी आहेत. ही माणसांसाठी." मी अधिक विचारले नाही. अभियंत्यांना दिलेल्या यादीत त्याने 'सात, जिन्याखालचा खांब' असे स्वच्छ लिहिले होते. ती यादी शेठकडेही होती.

दर महिन्याच्या एक तारखेला तो वहीत नोंद करी. या महिन्यात तो रुग्णालयात होता म्हणून मी जाऊन पाहिले. सातही शाबूत होत्या. ती तेविसावी नोंद माझ्या हातची आहे. चोविसावी राहिली.

भाऊ या सोमवारी पहाटे फुप्फुसाच्या आजाराने वारला. त्याच दिवशी संध्याकाळी शेठ घरी आले आणि अंत्यविधी किती वाजता आहे ते त्यांनी दोनदा विचारले. मंगळवारी दहा ते एक सर्व दुकाने बंद ठेवण्याचे त्यांनीच सुचवले. एखादे शटर उघडे दिसले तर बरे दिसणार नाही, असे म्हणाले. इमारतीच्या पहारेकऱ्यालाही त्यांनी खुर्च्या लावायला आमच्याकडे पाठवले. मी त्यांचे आभार मानले.

मंगळवारी अकरा वाजता विधी सुरू झाला. शेठ बावीस मिनिटे बोलले. चार वर्षांत ते माझ्या भावाशी सलग इतका वेळ बोलले नव्हते. पावणेबाराच्या सुमारास त्यांचा मुकादम आला. त्याच्या बुटांवर पांढरी धूळ होती आणि उजव्या हाताच्या अंगठ्यातून रक्त येत होते. मी विचारल्यावर "काही नाही ताई, पत्रा लागला" असे म्हणाला. मी त्याच्या हातावर पाणी घातले आणि माझ्याजवळच्या रुमालाने अंगठा बांधला. त्याने मान खाली घातली. दुःखाने घातली असे मला वाटले.

गुरुवारी अभियंत्यांनी पाहणी केली. अहवालात लिहिले, की सातही काचा फुटल्या, इमारत हलत आहे, धोकादायक. सोमवारी दहा वाजता पाडकाम सुरू होणार आहे.

शुक्रवारी दुपारी मी भावाची हत्यारे आणायला जिन्याखालच्या खोलीत गेले, तेव्हा काचा पाहिल्या. सर्व मधोमध चेचलेल्या होत्या आणि तुकडे जमिनीवर पडले होते. खांबावरची काचही तशीच होती. तिची दोन्ही टोके एकाच दगडावर आहेत. इमारत कितीही हलली तरी ती फुटू शकत नाही.

बाहेर शेठ भेटले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "माझं राहू द्या ताई, तुमच्या भावाच्याच काचा सांगताहेत. त्याचं तरी ऐका." मी हात सोडवून घेतले. घरी येऊन साबणाने तीनदा धुतले. हे लिहून घेण्याची गरज नाही असे हवालदार म्हणाले, परंतु लिहावे अशी माझी विनंती आहे.

त्यानंतर मी अभियंत्यांकडे गेले. भेग नसलेल्या दगडावरची काच कशी फुटली, असे विचारले. त्यांनी यादी काढून बराच वेळ पाहिली आणि बंद केली. लेखी द्या, सोमवारनंतर बघू, असे म्हणाले.

शेठवर राग आहे का, असे मला येथे विचारण्यात आले. राग नाही. किळस आहे. माझ्या भावाने आयुष्यात खोटी नोंद केली नाही. तो गेल्यावर त्याच्या तोंडी खोटे घातले गेले, आणि तेही त्याला निरोप द्यायला सगळे जमलेले असताना.

सोमवारी दहापूर्वी त्या खांबाचा पंचनामा व्हावा, एवढीच माझी मागणी आहे. वही आणि सातव्या काचेचे, मी शुक्रवारी खांबाखालून उचललेले तुकडे डब्यात घालून जमा करत आहे. एका तुकड्यावर तपकिरी डाग आहे. तो कशाचा हे मी सांगू शकत नाही. मुकादमाचा अंगठा मात्र पाहावा.

त्याच्या अंगठ्याला बांधलेला रुमाल निळ्या काठाचा आहे. तो माझ्या भावाचा होता आणि सोमवारी रुग्णालयातून त्याच्या सामानात मिळाला होता. तो सापडल्यास तपासानंतर परत हवा का, असे हवालदारांनी विचारले. नको.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. त्यातले काही कमी करायचे नाही.