पडद्यावरचं नाव

मी मूळची कवठे येमाईची, दिली यवतला. बारा वर्षं झाली, कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते, आन् काय सांगू तुम्हाला, पहिली कैक वर्षं माझं काम सुपरवायझर आपल्या भाचीच्या नावावर दाखवायचा, बोलायला गेलं की म्हणायचा, तुमच्या वस्तीतल्यांना लई तोंड फुटलंय.

मग नवीन मॅडम आल्या, प्लँट हेड. त्यांनी सुपरवायझर काम लिहायचा त्या वह्या बंद केल्या, लाइनीवर मोठा पडदा लावला, जिचं काम तिचंच नाव. पहिल्याच महिन्यात माझं नाव सगळ्यात वर. मला लाइन लीडर केलं, हातात टॅब दिला. खोटं कशाला बोलू, मी रडले. माल बी वाढला, खराब माल परत यायचा थांबला, वरच्या साहेबांनी मॅडमला हार घातला.

पुढं तो पडदा हात किती वेळ रिकामा ऱ्हातो ते मोजाया लागला. बाथरूमला उशीर झाला की नाव लाल. कमलमावशी, जिनं मला हाताला धरून काम शिकवलं, तिचे गुडघे गेलेले, तिचं नाव सारखं लाल. एक दिवस माझ्या टॅबवर आलं, कमलबाईंना कमी करायचं, ओके करा. मी केलं न्हाई. टॅब तसाच मिटला, म्हटलं बघू. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचं कार्ड गेटला लागंना. ती आपली पुन्हा पुन्हा लावतीय, मागं बायांची रांग, आन् बघतीय माझ्याकडं.

मी पळतच मॅडमकडं गेले, म्हटलं, मी तर दाबलंच न्हाई. त्या म्हणाल्या, सुमन, दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर सिस्टिम होकार धरते. मग तुम्ही थांबवा की, म्हटलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. तिथं सगळ्या प्लँटच्या हेडची नावं, आन् आमच्या मॅडमचं पिवळं झालेलं, लाल व्हायच्या आधीचं.

तवापासनं मी टॅब मिटत न्हाई. नाव आलं की नको म्हणून लिहिते, कारण लिहिते, बाई पोटुशी हाय, बाई आजारातनं उठलीय. त्या बाया टिकल्यात. पण दर नकाराला माझं नाव खाली सरकतंय, काल ते बी पिवळं दिसलं. घरी मालक म्हणतात, करत जा की ओके, तुझं काय जातंय. न्हाई व्हत माझ्याच्यानं. आता माझं नाव जिच्या टॅबवर जाईल, त्या बाईचं भलं व्हावं, आन् तिला उत्तर लिहाया दोन मिनटं सवड मिळावी, दुसरं काय.